झिजेचा माग

जुनी चेनसॉ टेबलावर आली की आधी धुवायची नाही. डिझेलचा डबा, ब्रश, चिंध्या सगळं हाताशी असतं, मशीन इतकी मळलेली असते की हात आपसूक ब्रशकडे जातो. तरी दम धरायचा. चेनवरचं झाकण दोन नट काढून बाजूला करायचं आणि आत दाबून बसलेला काळा, तेलकट थर पातळ पात्यानं खरवडून जुन्या वर्तमानपत्रावर घ्यायचा. तो थर म्हणजे भुसा. शेवटच्या कित्येक झाडांचा, चेनच्या तेलात मुरलेला. बोटांत चोळला की तेलाच्या वासाखालून लाकूड ओळखू येतं. सागाला कमावलेल्या कातड्याचा वास असतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. निंबाचा भुसा जिभेला न लावताही कडू लागतो. बाभळीचा लालसर आणि जड, संत्र्याचा बारीक आणि पिवळट. मशीन परतवाड्याच्या वखारीतून आली, कुणाच्या धुऱ्यावरून आली की भंगाराच्या ढिगातून, हे विकणाऱ्यापेक्षा तो कागद नीट सांगतो.

मग मुठी बघायच्या. पुढच्या मुठीला डावा हात, मागच्या मुठीला उजवा. चेनसॉ डावखुऱ्यालाही अशीच धरावी लागते. पुढच्या मुठीच्या नळीवर रबराची खोळ असते. उभं झाड पाडायचं तर मशीन आडवी करावी लागते, तेव्हा डावा हात नळीच्या बाजूच्या उतारावर जातो. आडव्या ओंडक्याचे तुकडे करायचे तर तोच हात वरच्या सरळ भागावर येतो. खोळ कुठे गुळगुळीत झाली, कुठे तिच्यावरचे बारीक चौकोन अजून शाबूत आहेत, एवढ्यावरून त्या माणसानं झाडं पाडली की पडलेली झाडं कापली, ते कळतं. चेन जिच्या कडेवरून फिरते त्या पट्टीची खालची कड झिजलेली असणं रीतीचं आहे, मशीन आपल्या वजनानं खालीच उतरते. पण वरची कडही तेवढीच झिजलेली असेल तर त्यानं खालून वर कापत काम केलं आहे. एकमेकांत अडकलेल्या फांद्या सोडवल्या आहेत. पट्टीच्या नाकाशी निळसर डाग असतील तर तेल संपलं होतं आणि त्यानं थांबवली नव्हती. थांबवता आली नसेल. मजुरी दिवसावर नसते सगळीकडे, ब्रासवर किंवा टनावरही असते.

मला या मशीनी दुरुस्त करायला आवडतात, आणि त्याचं खरं कारण ही झीज आहे. इंजिन सुरू होण्याचा आनंद मोठाच. पण त्याआधीचा तो तास, ज्यात एक न पाहिलेला माणूस त्याच्या हाताच्या दाबातून, सवयीतून, घाईतून हळूहळू उलगडत जातो, तो मला अधिक प्रिय आहे.

अमरावतीत आमच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. पूर्वी तिथे कडबा आणि सरपण असायचं. आता सागाच्या जुन्या फळ्यांचं टेबल, त्याला घट्ट बसवलेला वाईस, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने, आणि खोबरेल तेलाच्या कापलेल्या डब्यांमध्ये स्क्रू, वायसर, स्प्रिंगा. मे महिन्यात पत्रा तापला की दुपारी त्या खोलीत पाना उचलवत नाही, हाताला चटका बसतो. म्हणून आमच्याकडे हे काम पहाटेचं, नाही तर दिवेलागणीनंतरचं. नोकरीतून उरणारा वेळही तेवढाच असतो.

वऱ्हाडात चेनसॉ काही घरोघरची वस्तू नाही. कुऱ्हाड घरोघरी, करवत सुताराकडे, आणि मोठ्या ओंडक्याला आरामशीन, अशी इथली जुनी वाटणी. चेनसॉ आली ती विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटणाऱ्या ठेकेदारांबरोबर, अग्निशमन दलाच्या गाडीतून, वखारींमधून, आणि अलीकडे बागायतदारांच्या कोठ्यात. पण तिच्या पोटातलं इंजिन आम्हाला परकं नव्हतं. १९७२ साली लुना आली. तिनं आणि राजदूतनं टू-स्ट्रोक इंजिन गावोगाव पोचवलं. पेट्रोलमध्ये मापानं ऑइल टाकायचं, प्लग काळा झाला की काढून घासायचा, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. पुढे कपाशीवर फवारायला पाठीवरचा पेट्रोलचा पंप आला. त्याचंही इंजिन तसंच. आज अकोल्यात फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानांत जुलैपासून सप्टेंबरपर्यंत पाय ठेवायला जागा नसते, आणि तेच लोक दिवाळीनंतर गवत कापायची यंत्रं आणि चेनसॉ उघडून बसलेले असतात. मला लागणारी सीलं, पडदे, पेट्रोलच्या नळ्या मी तिथूनच आणतो. बाहेर काउंटरवर माल नवा. पण आत एखाद्या फळीवर जुन्या, बंद पडलेल्या मॉडेलांची खोकी असतात, आणि दुकानदाराची ओळख मुरली की तो आत येऊ देतो.

अमरावतीहून अकोल्याला जाताना मला त्या रस्त्याची झाडं आठवतात. जुना रस्ता दोन्ही बाजूंनी निंबांचा आणि बाभळींचा होता. उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीतून ऊन आणि सावली आळीपाळीनं तोंडावर पडायची. रस्ता चौपदरी होताना ती गेली. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुरेख आहे, दवाखान्याला निघालेला माणूस आता वेळेत पोचतो, हे मी नाकारत नाही. ती झाडं गेल्यावर काही काळ माझ्याकडे आलेल्या मशीनींच्या झाकणाखाली मात्र निंबाचा भुसा फार निघायचा.

तेव्हा हा प्रश्न मला टाळता येत नाही: झाडांवर जीव असलेल्या माणसानं झाडं कापायची मशीन का जिवंत करावी? मेळघाट आमच्या उशाशी आहे. १९७४ साली तो व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नवांपैकी एक. सेमाडोह, कोलकास, हरिसाल ही नावं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परतवाड्याच्या लाकूडबाजाराला ज्या सागानं नाव दिलं तो याच डोंगरातला. आधी तो कुऱ्हाडीनं पडायचा आणि दोघांच्या करवतीनं चिरायचा. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली, आणि भुसा खालच्याच्या डोळ्यांत. पुढे आरामशीन आली. मग १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन प्रकरणातला आदेश आला आणि देशभर जंगलतोडीवर, आरामशीनींवर बंधनं घट्ट झाली. शेतातला साग, मोहा, चिंच तोडायलाही १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, शहरातल्या झाडाला १९७५ चा कायदा आहे. कायदा किती पाळला जातो ते आपण रोज बघतो.

माझं उत्तर साधं आहे आणि ते मला पुरतं. मशीन कुणाच्या हातात जाणार हे मी विचारतो. वावधनात गोठ्यावर कोसळलेला निंब, वाळून उभी राहिलेली बाभूळ, रस्ता अडवून पडलेली चिंच, हे कुणी तरी कापायलाच हवं. आणि बोथट चेनची, गार्ड तुटलेली, ब्रेक निकामी झालेली मशीन घेऊन कापणारा माणूस त्या चिंचेपेक्षा आधी जायबंदी होतो. रानातली चोरटी तोड करणाऱ्याला नवी मशीन घ्यायला पैसा कमी पडत नाही. माझ्याकडे येतात ते गरजेचे लोक. ज्याच्याबद्दल शंका वाटते, त्याची मशीन मी टेबलावर घेत नाही.

झीज वाचायला मला शिकवलं ते अकोल्याच्या एका मिस्त्रीकाकांनी. त्यांचा हात चेनसॉवर बसलेला नव्हता, कापसाच्या जिनात बसलेला होता. वऱ्हाडातल्या यंत्रविद्येचं मूळ तिथंच आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. आणि मग गावोगाव जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. चिमणी म्हटली की मालकाचं नाव निघतं. मला आठवतो तो आतला फिटर, ज्यानं विलायती यंत्रं पुस्तकाशिवाय उघडली आणि बसवली.

जिनाचा रोलर चामड्याच्या चकत्यांचा असतो. चकत्या दांड्यावर दाबून बसवतात आणि त्यांच्यावर तिरप्या खाचा पाडतात. चामडं रुई धरून ओढतं, एक सुरी स्थिर असते, दुसरी वरखाली होत सरकी झटकून टाकते. चामडं आणि सुरी यांच्यातला दाब थोडा चुकला तरी रुईत सरकी फुटते किंवा सरकीवर रुई राहते. तो दाब मिस्त्रीकाका चामड्यावरच्या झिजेवरून ओळखायचे. रोलर एका टोकाला अधिक चमकत असेल तर सुरी तिरकी आहे. मधेच पट्टा काळा पडला असेल तर तिथे दाब जास्त आहे आणि चामडं जळतंय. माझी पहिली जुनी चेनसॉ मी त्यांच्याकडे नेली तेव्हा मी ती चकचकीत पुसून नेणार होतो, पण बायको म्हणाली, राहू द्या, असू द्या तशीच. ते एक बरं झालं. मिस्त्रीकाकांनी ती मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि कितीतरी वेळ नुसता अंगठा फिरवत राहिले.

"पुसू नको बाप्पा हिले," ते म्हणाले. "पुसलं का मंग काय वाचशीन? कोन्या बाजूनं घासलं थे पाय आधी. पाना मंग हाती घे."

आता त्यांची नजर अधू झाली आहे. बारीक काम करत नाहीत. पण अजूनही एखादी पट्टी किंवा पिस्टन मी त्यांच्याकडे नेतो आणि ते अंगठ्यानं बघतात.

मागच्या पावसाळ्याआधी वरुडकडची एक मशीन आली. ती उघडताना जे समजत गेलं ते सांगावंसं वाटतं. मशीन जुनी, पॉइंटची. म्हणजे ठिणगी इलेक्ट्रॉनिक कॉइलवर नाही, फ्लायव्हीलखाली दडलेल्या दोन बारीक टोकांच्या उघडझापेवर. दोरी ओढली तर इंजिन फिरायचं, पण विरोध फारसा नव्हता. यासाठी एक जुनी परीक्षा आहे: दोरीची मूठ हातात धरून मशीन नुसती लोंबकळू द्यायची. दाब चांगला असेल तर ती अडखळत, एकेक पायरी उतरत खाली येते. ही सरसर उतरली.

झाकणाखाली पिवळट, बारीक भुसा. संत्रा. आणि त्यात माती, भरपूर. लाकडाच्या भुशात एवढी माती मिसळायचं बहुतेकदा एकच कारण असतं, झाड जमिनीच्या अगदी लगत कापलेलं असणं. मग मी चेन बघितली. दातांची टोकं गोल झालेली. मातीनं आणि खड्यांनी होतात तशी. शिवाय एका बाजूचे दात लांब, दुसऱ्या बाजूचे आखूड. चेनचे दात एक डावा, एक उजवा असे येतात आणि दोन्हींना कानस दोन वेगळ्या दिशांनी मारावी लागते. उजव्या हाताच्या माणसाला एक बाजू सोपी जाते, दुसरीला मनगट अवघडतं. थकलेला माणूस सोपी बाजू जास्त घासतो. मग चेन सरळ न जाता लांब दातांच्या बाजूला वळत जाते, काप वाकडा होतो, पट्टी अडकते, आणि कापणारा आणखी दाबतो. मशीनच्या पुढ्यातले लोखंडी काटे, जे झाडात रोवून मशीन टेकवायची असते, तेही बोथट झालेले होते. दाबलं होतंच त्यानं.

मग सिलिंडर. सायलेन्सर काढला की धूर बाहेर जायच्या खिडकीतून पिस्टनची एक बाजू दिसते. तिथे उभे ओरखडे होते. पेट्रोल आत येतं त्या बाजूला मात्र पिस्टन स्वच्छ. या फरकाला फार अर्थ आहे. आत येण्याच्या बाजूला ओरखडे असते तर फिल्टर फाटून धूळ शिरली असं म्हटलं असतं. बाहेर जायच्या बाजूलाच ओरखडे, म्हणजे इंजिन कोरडं तापलं. ऑइल कमी पडलं किंवा हवा जास्त गेली. हवा कुठून? क्रँकच्या दोन टोकांना रबराची सीलं असतात. त्यांतलं चेनच्या बाजूचं सील मी नखानं दाबलं तर ते वाकलं नाही, तडकलं. रबर हाडकलेलं होतं. मातीनं चेन बोथट झाली, बोथट चेन दाबावी लागली, दाबल्यानं इंजिन तापलं, आणि वऱ्हाडातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आधीच सुकलेल्या सीलनं तिथून हवा आत घेतली. पिस्टनवरच्या त्या चार-पाच रेघांमध्ये एक अख्खा उन्हाळा होता.

तो कोणता उन्हाळा, हे मला मालकाला विचारावंसं वाटलं नाही, पण तो आपणहून बोलला. वरुड-मोर्शी म्हणजे संत्र्याचा मुलूख. जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं गेलं की बोअर हजार फुटांकडे गेले. २०१९ च्या उन्हाळ्यात बागाच्या बागा उभ्या वाळल्या. वाळलेलं संत्र्याचं झाड सरपणालाच जातं; आणि जमीन पुन्हा नांगरायची तर बुंधा वर ठेवून चालत नाही, तो मातीलगत कापावा लागतो. ही मशीन त्याच्या मोठ्या भावानं जुनी विकत घेतली होती. दोघांनी मिळून आपलीच बाग कापली, मग शेजाऱ्यांच्या. ज्या हातानं कलमं लावली त्याच हातानं, असं काहीसं तो म्हणाला आणि मग विषय बदलून पावसाचं बोलू लागला.

पट्टी मी मिस्त्रीकाकांकडे नेली होती. त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. अंगठा नाकापर्यंत नेऊन ते म्हणाले, "वाकून वाकून कापेल हाय यानं. पाठ गेली असन बिचाऱ्याची."

दुरुस्तीचं खरं काम यानंतर सुरू होतं आणि ते मी भराभर सांगतो, कारण करताना ते तितकं वाचनीय नसतं. सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम सोडवलं. खालचा कठीण मुलामा शाबूत होता, त्यामुळे सिलिंडर वाचलं. पिस्टन आणि रिंग नवी. दोन्ही सीलं नवी. फ्लायव्हील ओढून काढलं, त्याच्या खाचेतली अर्धचंद्राकृती चावी तपासली, पॉइंट बारीक कागदानं साफ करून ०.४ मिलीमीटरचं अंतर ठेवलं. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये व्हिजिटिंग कार्ड ठेवून स्क्रू आवळले. ते अंतर बरोबर बसतं, महागडं माप लागत नाही.

कार्बोरेटरपाशी मात्र थांबायला हवं. लुनाच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा गोळा असतो, म्हणून तो सरळ उभा असला तरच चालतो. चेनसॉ आडवी होते, उलटी होते, झाडाबरोबर कलते. तिच्या कार्बोरेटरमध्ये तरंगणारं काही नाही. एक पातळ पडदा आहे. पिस्टन वर-खाली झाला की क्रँकच्या पेटीतली हवा ओढते-ढकलते, त्या हवेनं पडदा थरथरतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. पडदा मऊ असेपर्यंत मशीन जिवंत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. पडदा कडक होतो. उजेडाला धरला की दिसतो: मधोमध सुरकुतलेला, कडेला पिवळा. नवा पडदा बोटावर ठेवला की आपल्या श्वासानंही हलतो. हे दोन पडदे शेजारी ठेवून बघितले की पेट्रोल टाकीत ठेवून मशीन कोपऱ्यात उभी करणाऱ्यांना काय सांगायचं ते सुचतं.

कानस मात्र मी सगळ्यांत शेवटी, सावकाश मारतो. रात्रीची वेळ, टेबलावर दिवा, वाईसमध्ये पट्टी, आणि गोल कानस. चेनच्या मापाची. तीस अंशांचा कोन, एकाच दिशेनं, आतून बाहेर. परत आणताना उचलून. प्रत्येक दाताच्या पुढे एक ठेंगणा उंचवटा असतो. दात लाकडात किती शिरेल ते तो ठरवतो, वखर दाबून धरला की पास खोल जाते आणि हलका धरला की वरवर, तसं. दात घासून घासून बसका झाला आणि उंचवटा तेवढाच राहिला तर चेन लाकडावरून नुसती सरकते. तो उंचवटाही कानशीनं उतरवावा लागतो, पण जपून, अर्धा-पाऊण मिलीमीटरच्या हिशेबात. जास्त उतरला तर चेन लाकडाला हिसका देते आणि तो हिसका माणसाच्या तोंडाकडे येतो.

सागाची चेन कानसायला सगळ्यांत वेळ खाते. सागाच्या लाकडात वाळूचा अंश असतो, सिलिका. झाड मातीतून ती वर ओढतं आणि आपल्या अंगात ठेवतं. त्यामुळे स्वच्छ, माती न लागलेला सागही धार मारतो. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. मेळघाटची जमीन झाडाच्या वाटेनं चेनच्या दातापर्यंत येते आणि तिथं आपली खूण ठेवते.

चेनच्या या डाव्या-उजव्या दातांचा जनक ओरेगॉनमधला जोसेफ कॉक्स. तसं तर चेनसॉचं मूळ जंगलात नाहीच. अठराव्या शतकाच्या अखेरीला स्कॉटलंडमधल्या शस्त्रवैद्यांनी हाड कापायला हातानं ओढायची बारीक दातांची साखळी केली होती. लाकडासाठी इंजिनावरच्या साखळ्या पुढे आल्या. जर्मनीत आंद्रेयास स्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवरची काढली, १९२९ मध्ये पेट्रोलवरची, पण तेव्हा ती उचलायला दोन माणसं लागत. एकट्यानं वापरायची त्यांची मशीन १९५० मध्ये आली. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात करवतीचेच, सरळ टोकदार. लाकूड ओरबाडायचे आणि पुन्हा पुन्हा बोथट व्हायचे. १९४६ साली कॉक्स जंगलात काम करत असताना एका बुंध्यात त्यांना भुंग्याची अळी दिसली. ती लाकूड आडवंही खात होती, उभंही, आणि तिला अडथळा म्हणून ठाऊक नव्हता. त्यांनी बघितलं तर तिचे जबडे डाव्या-उजव्या बाजूंनी कातरत होते. त्यावरून त्यांनी डावा-उजवा वळलेला दात घडवला आणि १९४७ पासून ती चेन विकायला सुरुवात केली. आज जगातली बहुतेक चेन त्याच वळणाची आहे. एका कामकऱ्यानं कुठल्या प्रयोगशाळेत न जाता बुंध्यापाशी बसून अळी नीट बघितली, या एका गोष्टीसाठी माझा त्याला मनापासून नमस्कार आहे. मिस्त्रीकाकांना ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. "पायला त्यानं," एवढंच म्हणाले.

आता रंगाबद्दल. जुन्या मशीनी दुरुस्त करणाऱ्यांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, मशीन सगळी उघडावी, धातू उघडा करावा, कारखान्यातून निघाली त्या दिवशीच्या रंगात न्हाऊ घालावी. मी अशा मशीनी बघितल्या आहेत. त्या करणाऱ्यांच्या हाताला तोड नाही आणि त्यांचा मला आदर वाटतो. पण मी रंग देत नाही. जिथे गंज पसरतो आहे तिथे तो थांबवतो. तुटलेला गार्ड, निकामी ब्रेक, तारेनं बांधून टाकलेला ॲक्सिलरेटरचा खटका, यांत तडजोड नाही; जीव वाचवणारं जे काही आहे ते नवं, कंपनीचं, बरोबर मापाचं. मुठीची खोळ फाटली नसेल तर तीच. आवरणावरचा रंग जिथे कुणाच्या मांडीला घासून गेला आहे तिथे तो गेलेलाच राहतो. पांढरा पडलेला तो पट्टा कुणी तरी दिवसच्या दिवस मशीन मांडीला टेकवून उभा होता, याचा आहे. तो झाकायचा मला काय अधिकार?

याच कारणानं निघालेले भाग मी फेकत नाही. ओरखडे पडलेले पिस्टन, आखूड झालेले दात, हाडकलेली सीलं पिशव्यांत घालून, वर लाकडाचं आणि तालुक्याचं नाव लिहून ठेवतो. बाभूळ, दर्यापूर. साग, धारणी. चिंच, मूर्तिजापूर. घरच्यांना ती अडगळ वाटते. पण दर्यापूरकडच्या बाभळीवरचे दात आणि धारणीकडच्या सागावरचे दात दिव्याखाली शेजारी ठेवले तर दोन्ही बोथट असूनही वेगळे दिसतात: एकाची धार दबलेली, दुसऱ्याची बारीक खरवडलेली. हा फरक कुठल्या पुस्तकात मला सापडलेला नाही, म्हणून मी तो जपतो आहे.

वरुडची मशीन तयार झाली तेव्हा मालक स्वतः न्यायला आला. तोवर पहिला पाऊस होऊन गेला होता आणि त्यांच्या गोठ्यापाशी निंबाची मोठी फांदी पडली होती. त्यानं मशीन फिरवून फिरवून बघितली.

"भाऊ, रंग नाई मारला?"

"नाही. मूठही तुमच्या भावाचीच ठेवली आहे."

तो काही बोलला नाही. मी त्याला पेट्रोलचं माप दाखवलं. मशीन जुनी, म्हणून लिटरला चाळीस मिली टू-स्ट्रोक ऑइल, नव्या मशीनींना वीस चालतं, हिला नाही. काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. चेनच्या तेलाच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल टाकायचं नाही. चेन गरम असताना आवळायची नाही, थंड झाली की ती आकसते आणि क्रँकवर ताण येतो. बुंधा कापायचा असेल तर आधी फावड्यानं माती बाजूला करायची, झाडाची साल ब्रशनं झटकायची, आणि मगच मशीन लावायची.

"अन् कानस कवा मारू?"

"भुसा बघायचा. कीस पडतोय तोवर चालू द्या. पीठ पडायला लागलं की थांबा."

त्यानं गोल कानस माझ्याकडून मागून घेतली. मग दोन्ही बाजूंचे दात मी त्याला घासायला लावले, अवघड बाजूचे आधी.